नाकाला कळते, यकृताला कळत नाही

वाइनच्या पिंपात मुरलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीची चव येते कुठून, ती ओळखायची कशी आणि तिच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या आरोग्याच्या गोष्टींत तथ्य किती?

विटा आणि खानापूर तालुक्यातली कितीतरी घरे गलाईच्या व्यवसायामुळे देशभर पांगलेली आहेत. केरळपासून बंगालपर्यंत सोन्या-चांदीच्या पेठेत विट्याकडचा गलाईवाला भेटतोच. दिवाळीला, यात्रेला, लग्नकार्याला ही मंडळी गावी येतात. येताना मिठाई येते, कापड येते आणि अलीकडे एखाद्या बॅगेतून विमानतळावरच्या दुकानातली बाटलीही येते. तिच्या लेबलवर लिहिलेले असते, ‘सिंगल माल्ट, वाइन कास्क फिनिश’. म्हणजे वाइनच्या पिंपात शेवटचा काळ मुरवलेली व्हिस्की.

मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, ‘वाइनच्या पिंपातली आहे, म्हणजे द्राक्षाचीच की.’ दुसरा म्हणतो, ‘द्राक्ष काय, तब्येतीला चांगलेच. डॉक्टरसुद्धा रेड वाइन हृदयाला बरी म्हणतात.’ द्राक्षबागांच्या मुलखात हा युक्तिवाद चटकन पटतो. आपल्या पूर्वेला-दक्षिणेला तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसच्या बागा आहेत आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यामुळे द्राक्षाच्या नावाने पेल्यातले मद्य सौम्य आणि जवळपास औषधी वाटू लागते, आणि एका पेगाचे दोन कधी होतात ते कळत नाही. म्हणून या बाटलीत नेमके काय असते, हे एकदा नीट पाहायला हवे.

दाण्यापासून थेंबापर्यंत

स्कॉच सिंगल माल्ट म्हणजे काय, हे ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. कच्चा माल तीनच गोष्टींचा: मोड आणलेले जव, पाणी आणि यीस्ट. हे सारे एकाच डिस्टिलरीत, पॉट स्टिल नावाच्या भट्टीत झाले पाहिजे. त्यानंतर मद्य स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओक लाकडाच्या पिंपात, किमान तीन वर्षे मुरले पाहिजे. बाटलीत भरताना मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. ‘सिंगल’ या शब्दाचा अर्थ ‘एकाच पिंपातली’ असा अनेकांचा समज असतो. त्याचा अर्थ ‘एकाच डिस्टिलरीची’ एवढाच आहे.

मटकीला मोड आणतो तसेच जव भिजवून मोड आणतात. मोड फुटताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. मग दाणे वाळवून, भरडून गरम पाण्यात घातले, की हे एन्झाइम पिष्टाची साखर करतात. यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. जेमतेम आठ-नऊ टक्के मद्यार्काचा हा आंबट रस तांब्याच्या भट्टीत सहसा दोनदा उकळून थंड करतात.

इथे विट्याच्या माणसाला ओळखीचे काहीतरी सापडेल. गलाईत आच आणि आम्ल यांच्या मदतीने सोने हीणकसापासून वेगळे करतात. भट्टीवरचा कारागीरही वेगळे करण्याचेच काम करतो. आधी बाहेर पडणाऱ्या धारेत ॲसिटाल्डिहाइडसारखी हलकी, उग्र द्रव्ये जास्त असतात. शेवटच्या धारेत जड, तेलकट द्रव्ये येतात. मधला भाग तेवढा पिंपात जातो. तांबेही नुसते भांडे म्हणून तिथे नसते. रसातली गंधकयुक्त दुर्गंधी द्रव्ये ते धरून ठेवते, म्हणून आजही या भट्ट्या तांब्याच्याच असतात.

आपल्या देशात ‘व्हिस्की’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मद्यात उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हे कोणाला सांगायला नको. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मात्र धान्यापासून केलेल्या मद्यालाच व्हिस्की म्हणता येते. मळीचा मद्यार्क असो की जवाचा, त्यातले इथेनॉल एकच. फरक असतो तो सोबतच्या गंधद्रव्यांत.

पिंप काय करते?

भट्टीतून निघालेले मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. रंग आणि चवीचा मोठा वाटा पिंपाकडून येतो. ओकचे लाकूड आतून भाजलेले किंवा जाळून काळे केलेले असते. त्या आचेने लाकडाचे घटक फुटतात. लिग्निन नावाच्या घटकापासून व्हॅनिलिन बनते. व्हॅनिलाच्या शेंगेत असते तेच हे द्रव्य. हेमिसेल्युलोजमधल्या साखरा भाजल्या जाऊन खमंग, गुळाच्या काहिलीसारखा वास देणारी द्रव्ये तयार होतात. ओकमधल्या लॅक्टोन या द्रव्याला खोबऱ्याचा वास असतो आणि युजेनॉलला लवंगेचा. लवंगेचा वास ज्या रेणूमुळे येतो, तोच रेणू ओकच्या लाकडातही असतो. शिवाय लाकडातले टॅनिन मद्याला तुरटपणा देते.

बहुतेक स्कॉच आधी अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीच्या वापरलेल्या पिंपांत मुरते. बर्बनसाठी दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते, असा अमेरिकेचा कायदा आहे. एकदा वापरून झालेली ही पिंपे मग स्कॉटलंडला स्वस्तात मिळतात.

‘फिनिश’ म्हणजे यापुढची पायरी. काही वर्षे बर्बनच्या पिंपात काढलेली व्हिस्की शेवटचे काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे दुसऱ्या पिंपात ठेवतात, ज्यात आधी वाइन होती. वाइनचे नेहमीचे पिंप २२५ लिटरचे असते. वर्षानुवर्षे वाइन धरून ठेवलेल्या त्याच्या फळ्यांत काही लिटर वाइन मुरलेली असते. व्हिस्कीतला तीव्र मद्यार्क ती हळूहळू ओढून घेतो. वाइनमधली आम्ले मद्यार्काशी संयोग पावतात आणि एस्टर नावाची फळांच्या वासाची द्रव्ये बनतात. रेड वाइनचे पिंप असेल, तर व्हिस्कीला तांबूस छटा येते आणि सुक्या फळांचा, मनुकांचा वास येतो.

ही पद्धत फार जुनी नाही. बॅल्व्हेनी डिस्टिलरीतले डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८० च्या दशकात पिंप बदलण्याचे प्रयोग केले आणि १९९३ मध्ये त्यांची ‘डबलवूड’ बाजारात आली. तिचे दुसरे पिंप शेरी या स्पॅनिश वाइनचे होते. त्याच दशकात ग्लेनमोरांजीने पोर्ट वाइनच्या पिंपांचा वापर लोकप्रिय केला. पुढे जिम स्वान या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने रेड वाइनची जुनी पिंपे आतून तासून, भाजून, पुन्हा जाळून वापरण्याची रीत रुजवली. तासल्यामुळे जुनाट आंबूस थर निघून जातो आणि फळीत खोल मुरलेली वाइन भाजली जाते. तैवानच्या कॅव्हलान डिस्टिलरीच्या अशाच वाइन पिंपातल्या व्हिस्कीला २०१५ मध्ये ‘जगातील सर्वोत्तम सिंगल माल्ट’ हा किताब मिळाला, तेव्हा स्कॉटलंडबाहेरच्यांचे लक्षही या प्रकाराकडे गेले.

आपणही यात मागे नाही. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला सुरुवात केली. गोव्यात पॉल जॉन बनते. हरियाणातल्या इंद्रीच्या ‘त्रिनी’ या व्हिस्कीसाठी बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तीन प्रकारची पिंपे वापरतात. उष्ण हवेत लाकडाचे काम भराभर होते आणि मद्य उडतेही भराभर. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य पिंपातून हवेत जाते, तर आपल्याकडे हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणून इथली पाच-सहा वर्षांची व्हिस्की तिकडच्या दुप्पट वयाच्या व्हिस्कीइतकी गडद असू शकते. बाटलीवरचे वय हे सर्वत्र एकाच मापाने मोजता येत नाही, ते यामुळे.

आपले द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष

या पिंपांतली वाइन ज्या द्राक्षांची, ती आपल्या बागेतली द्राक्षे नव्हेत. आपली थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही वाणे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी निवडलेली: बिनबियांची, पातळ सालीची, गोड. कॅबर्ने सोव्हिन्यो किंवा शिराझ ही वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. रेड वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा स्वाद त्या सालीतून आणि बियांतून येतो. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, तेव्हा नाशिकजवळच्या विंचूरबरोबर आपल्या पलूसलाही वाइन पार्क उभे राहिले. नाशिकचा वाइन उद्योग फुलला तसा पलूसचा फुलला नाही. आपल्या भागाची ओळख राहिली ती बेदाण्याची.

पण चव ओळखण्याच्या कामी हा बेदाणाच फार उपयोगी पडतो. वाइन पिंपातल्या व्हिस्कीचे वर्णन करताना परदेशी जाणकार रास्पबेरी, ब्लॅककरंट अशी नावे घेतात. आपल्यापैकी अनेकांनी ती फळे पाहिलेलीही नसतात. मग ‘आपल्याला काही कळत नाही बुवा’ म्हणून माणूस पेला रिकामा करतो. खरे तर गंधाचा कोश प्रत्येकाकडे असतो, तो फक्त आपापल्या गावचा असतो.

चव जिभेवर कमी, नाकात जास्त

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (म्हणजे शिजलेल्या डाळीसारखी किंवा मांसाच्या रश्शासारखी) एवढ्याच मूळ चवी कळतात. बाकी सारे काम नाकाचे. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. गंधाची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल मिळाले. एकेका गंधद्रव्याने ठरावीक ग्राहींचा संच चेततो आणि मेंदू त्या संचावरून वास ओळखतो. पेटीच्या मोजक्या पट्ट्यांवर असंख्य सूर-मेळ वाजवता येतात, तसेच हे.

शिवाय नाकाला दोन वाटा आहेत. एक समोरून, श्वासाबरोबर. दुसरी घशाच्या मागून, घास किंवा घोट तोंडात असताना. सर्दी झाली की आमटी बेचव लागते, ती ही मागची वाट बंद झाल्यामुळे. व्हिस्कीची चव म्हणजेही मुख्यतः या दोन वाटांनी येणारा गंध असतो.

मद्याचा घोट जाळतो, ते मात्र वेगळेच प्रकरण आहे. तिखट मिरची ज्या ग्राहीला चेतवते, त्याच उष्णतेच्या ग्राहीला मद्यार्कही चेतवतो. हा ग्राही एरवी ४२ अंश सेल्सियसच्या पुढे जागा होतो. मद्यार्कामुळे तो ३४ अंशांलाच जागा होतो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या तापमानालाही ‘भाजले’ असा निरोप मेंदूला जातो. घशातला जाळ हे ‘माल कडक असल्याचे’ लक्षण मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तो जाळ चवीचा भाग नाही, उलट तो चव झाकतो.

घरच्या घरी गंधाचा सराव

गंध ओळखायला शिकण्यासाठी मद्याची गरज नाही. हा सराव घरातल्या कोणालाही करता येईल. झाकणाच्या छोट्या डब्यांत पुढील वस्तू वेगवेगळ्या ठेवा, डोळे मिटून एकेक हुंगा आणि नाव सांगा.

• बेदाणा आणि काळी मनुका: वाइनच्या पिंपाची मुख्य खूण.
• लवंग: ओकमधले युजेनॉल.
• सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस: ओकमधले लॅक्टोन.
• ताजा गूळ किंवा करपायच्या बेतात आलेला पाक: भाजलेल्या लाकडातल्या साखरा.
• पिकलेले केळे: यीस्टने आंबवताना तयार केलेले एस्टर.
• चुलीच्या धुराचा वास लागलेले फडके: ग्वायकॉल, म्हणजे जळलेल्या लाकडाचे किंवा धुरावर वाळवलेल्या जवाचे द्रव्य.
• सुपारीचा तुकडा चघळून पाहा: टॅनिनचा तुरटपणा. हा वास नसून तोंडातली आवळल्याची भावना असते.
• नुकतीच विझलेली आगकाडी: वाइनचे रिकामे पिंप टिकवण्यासाठी त्यात गंधक जाळतात, ते जास्त झाले, तर व्हिस्कीत हा दोष उतरतो.

बहुतेकांना पहिल्या दिवशी निम्मे वासही नावानिशी सांगता येत नाहीत. वास ओळखीचा वाटतो, पण नाव ओठांवर येत नाही. काही दिवसांच्या सरावाने फरक पडतो. कोविडनंतर वास गेलेल्या अनेकांना डॉक्टरांनी असाच गंधाचा सराव करायला सांगितला होता. त्यातही लवंग असतेच.

चाखण्याची रीत

चाखण्यासाठी दहा ते पंधरा मिलिलिटर पुरेसे असते. पसरट ग्लासाऐवजी वर निमुळता होत जाणारा छोटा पेला घेतात, म्हणजे गंध तोंडाशी गोळा होतो. बर्फ घालत नाहीत. थंडीने गंधद्रव्ये उडण्याचे थांबतात. नाक पेल्यात खुपसायचे नाही. पेला हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून हळू श्वास घ्यायचा. दोन-तीनदा हुंगले की नाक त्या वासाला सरावते आणि काही कळेनासे होते. अशा वेळी स्वतःच्या बाहीचा वास घेतला, की नाक पुन्हा ताळ्यावर येते.

मग थोडे पाणी. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असे मानणारे बरेच आहेत. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंच्या हालचालींचे गणित मांडून दाखवले, की मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली असते तेव्हा ग्वायकॉलसारखे गंधरेणू मद्याच्या पृष्ठभागाजवळ जमतात, तर प्रमाण फार जास्त असले की ते आत दडून बसतात. पाण्याने व्हिस्की खुलते, या जुन्या अनुभवाला त्यामुळे आधार मिळाला. व्हिस्की बनवणारे जाणकार तर साधारण २० टक्क्यांपर्यंत पाणी मिसळूनच परीक्षा करतात, आणि तीही बहुतांशी हुंगून. दिवसाकाठी कित्येक नमुने तपासणारा माणूस ते पीत बसला, तर दुपारनंतर त्याच्या मताला किंमत उरणार नाही.

शेवटी अगदी लहान घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, नाकाने श्वास सोडायचा आणि थुंकून टाकायचा. स्पर्धांतले परीक्षक हेच करतात. घोट गेल्यावर तोंडात काय उरते, याकडे लक्ष द्यायचे. चांगल्या वाइन पिंपातली व्हिस्की आधी जवाची गोडी, मग मनुका आणि मसाला, शेवटी हलका तुरटपणा अशी पायरीने उलगडते. पिंप जास्त झाले असेल, तर नुसती सुपारी चघळल्यासारखे वाटते आणि मूळ जव हरवून जातो.

सोबतचा चखणा हा ‘चाखणे’च्याच कुळातला शब्द, पण मसाला शेंगदाणे आणि तिखट फरसाण यांच्यापुढे कोणतीही नाजूक चव टिकत नाही. वर मिठाचा भार रक्तदाबावर पडतो, तो वेगळाच.

रंग, किंमत आणि मेंदू

नाक जितके हुशार, तितकेच भोळे. फ्रान्समधल्या बोर्दो येथे फ्रेडरिक ब्रोशे यांनी २००१ मध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दोन वाइन दिल्या, एक पांढरी आणि एक लाल. प्रत्यक्षात लाल वाइन म्हणजे बिनवासाचा लाल रंग घातलेली पांढरीच होती. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. अमेरिकेत २००८ च्या एका प्रयोगात एकाच वाइनवर वेगवेगळ्या किमती सांगितल्या. महाग म्हणून सांगितलेल्या वाइनच्या वेळी मेंदूतला आनंदाशी संबंधित भाग खरोखर अधिक चेतला.

व्हिस्कीचा गडद किंवा तांबूस रंग पाहून ‘मुरलेली आहे’ असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे. म्हणून व्यावसायिक परीक्षक कधीकधी निळ्या काचेचा पेला वापरतात, म्हणजे रंग दिसतच नाही.

आता यकृताकडे

इथपर्यंतचे सारे फरक खरे आहेत: जव की मळी, बर्बन की वाइन, तीन वर्षे की अठरा. पण घोट गिळला, की ते जवळजवळ सगळे मागे पडतात. यकृतापुढे येते ते इथेनॉल. त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते, मग ॲसिटेट. ॲसिटाल्डिहाइड पेशींमधल्या डीएनएला इजा करते. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निकालात काढू शकते. महाग बाटलीसाठी हा वेग वाढत नाही.

हिशेब सोपा आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम मद्यार्क. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या १०० मिलिलिटरमध्ये किंवा पाच टक्क्यांच्या बिअरच्या २५० मिलिलिटरमध्ये तेवढाच मद्यार्क असतो. म्हणजे ‘मी फक्त वाइन घेतो’ यातला ‘फक्त’ पेल्याच्या मापावर अवलंबून आहे. वाइन फिनिशच्या कित्येक व्हिस्की पाणी न मिसळता, थेट पिंपातल्या तीव्रतेने भरतात. ६० टक्क्यांच्या अशा व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरमध्ये १४ ग्रॅमहून अधिक मद्यार्क असतो. पेग तोच, मात्रा ४० टक्क्यांनी जास्त. लेबलवरचा हा आकडा मनुकांच्या वर्णनापेक्षा आधी वाचायला हवा.

आता द्राक्षाच्या औषधी गुणाकडे वळू. लाल द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेरॅट्रॉल नावाचे द्रव्य असते. एका लिटर रेड वाइनमध्ये ते काही मिलिग्रॅमच असते. हिशेबाला दोन मिलिग्रॅम धरू. पिंपाच्या फळ्यांत पाच लिटर वाइन मुरली आहे आणि तिच्यातले सगळे रेस्व्हेरॅट्रॉल २२५ लिटर व्हिस्कीत उतरले, असे उदारपणे मानले, तर एका पेगात एक मिलिग्रॅमचा जेमतेम हजारावा भाग येतो. माणसांवरच्या चाचण्यांत या द्रव्याचे शेकडो मिलिग्रॅमचे डोस देऊनही ठोस फायदा हाती लागलेला नाही. मूठभर काळी द्राक्षे खाल्ली, तर हे द्रव्य मद्यार्काशिवाय मिळते.

‘रेड वाइन हृदयाला चांगली’ ही गोष्ट १९९१-९२ च्या सुमारास जगभर पसरली. फ्रेंच लोक चरबीयुक्त खाऊनही त्यांना हृदयविकार कमी, याचे श्रेय वाइनला दिले गेले. नंतर अशा अभ्यासांतली खोट लक्षात आली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसेही मोजली जात होती, त्यामुळे थोडी पिणारे तुलनेने निरोगी दिसत. शिवाय बेताने पिणारे बरेचदा सुस्थितीतले असतात. त्यांचा आहार, व्यायाम, उपचार सगळेच बरे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले, की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी यातली एक गोष्ट विशेष महत्त्वाची. मावा, तंबाखू, मिश्री यांचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे. तंबाखू आणि मद्य एकत्र आले, की तोंडाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त वाढतो. मद्यामुळे तोंडातली अंतःत्वचा तंबाखूतल्या घातक द्रव्यांना आत शिरू देते. माव्याची पुडी खिशात ठेवून ‘आम्ही चांगलीच घेतो, हलकी घेत नाही’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

कोणी हात लावू नये

गरोदर आणि गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रिया, यकृताचा आजार असलेले, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे, आणि पूर्वी व्यसन सुटलेले यांच्यासाठी ‘फक्त चव पाहा’ हेही नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर मद्यामुळे रात्रीतून साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पॅरासिटामॉल आणि नियमित मद्यपान यांची जोडी यकृताला महागात पडते. एक पेग झोपेसाठी घेणाऱ्यांना झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर तो गुन्हा आहे. विट्याहून कराड किंवा सांगलीकडे रात्री निघायचे असेल, तर पेला नको. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या भरून विकणारेही असतात, म्हणून ओळखीतून ‘स्वस्तात’ आलेली बाटली टाळलेलीच बरी. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक जीव गेले. मिथेनॉल ना रंगाने ओळखू येते, ना वासाने.

जे पीत नाहीत, त्यांनी आरोग्यासाठी सुरू करावे असे या बाटलीत काहीही नाही. जे अधूनमधून घेतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. मनुका, लवंग, खोबरे, धूर हे जे काही त्या व्हिस्कीत आहे, ते पहिल्या पाच-दहा मिलिलिटरमध्ये नाकाला पूर्ण कळून चुकते. त्यानंतर नाक सरावते, जीभ बधिर होते आणि नवे काही कळत नाही. पुढच्या प्रत्येक पेगात वाढत जातो तो फक्त मद्यार्क. पाहुण्याने आणलेली बाटली चार जणांत उघडायची असेलच, तर प्रत्येकी दहा मिलिलिटर, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि मग बाटलीला बूच. आणि बूच लावणे जमेनासे झाले आहे असे स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या लक्षात आले, तर १४४४६ हा शासनाचा व्यसनमुक्ती मदत क्रमांक आहे. पुण्यातले मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. तिथे फोन करायला लाजण्याचे कारण नाही.